छायाचित्रण-सफारीचे नियोजन : पूर्व आफ्रिकेतील एका प्रथेचा ऐतिहासिक शोध

प्रस्तावना

केनिया किंवा टांझानिया या देशांतील राष्ट्रीय उद्यानात वन्यजीवांचे छायाचित्रण करण्यासाठी जाणाऱ्या व्यक्तीच्या हाती प्रवासापूर्वी एक पत्रक दिले जाते. कोणत्या महिन्यात जावे, वाहन कोणत्या प्रकारचे असावे, सामानाचे वजन किती असावे, प्रवेशशुल्क किती भरावे लागेल, वाहनातून कोठे उतरता येईल आणि कोणते प्राणी दिसण्याची अपेक्षा ठेवावी, याचा तपशील त्यात असतो. वरवर पाहता ही निव्वळ व्यावहारिक माहिती होय. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा पत्रकाकडे लक्ष द्यावे असे त्यात काही असेल, हे चटकन पटत नाही. तथापि पत्रकातील एकेक कलम उलगडत मागे गेल्यास आपण वसाहतकालीन शिकारमोहिमा, त्या काळातील वन्यप्राणीविषयक कायदे, गुरांची एक भीषण साथ आणि एका पशुपालक समाजाचे वारंवार झालेले विस्थापन यांच्यापर्यंत पोहोचतो.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि शिकारीतून संवर्धन जन्मले, असे या विषयावरील लोकप्रिय लेखनात मांडले जाते. हे विधान सर्वस्वी चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कॅमेरा बंदुकीच्या जागी आला नाही. दीर्घकाळ तो बंदुकीच्या शेजारी उभा होता, आणि पुढे बंदूक बाजूला झाल्यावरही शिकारमोहिमेचा आराखडा तसाच राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनाची व्याप्ती सेरेंगेटी-मारा हे मैदान व त्याच्याशी संबंधित प्रदेश एवढीच ठेवली आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर उद्यानाचा (इ. स. १९२६) इतिहास वेगळ्या वळणाचा असल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.

'सफारी' हा शब्द आणि साठ पौंडांचे ओझे

'सफारी' हा स्वाहिली शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'प्रवास' एवढाच आहे. तो अरबीतील 'सफर' या शब्दावरून आला. फारसीमार्फत मराठीत आलेला 'सफर' हा शब्द त्याचाच भाऊबंद होय. त्यामुळे मराठी वाचकाला 'सफारी' हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. मात्र आपल्याकडे तो शब्द इंग्रजीमार्फत शिकारीचा वास घेऊन आला आणि एका पिढीला तर तो केवळ शिवलेल्या पोशाखाचे नाव म्हणून ठाऊक होता, हा भाग निराळा.

एकोणिसाव्या शतकात सफारी म्हणजे झांझिबारसमोरील किनाऱ्यावरून आत जाणारा व्यापारी तांडा. हस्तिदंतासाठी निघणाऱ्या या तांड्यांना भांडवल पुरविणाऱ्यांमध्ये झांझिबारमधील कच्छी व गुजराती व्यापारी प्रमुख होते. त्सेत्से माशीमुळे अंतर्भागातील बऱ्याच प्रदेशात ओझ्याची जनावरे टिकत नसत, म्हणून माल माणसाच्या डोक्यावरून जाई. एका हमालाचे ओझे सुमारे ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो, असे रूढ झाले होते. तंबू, पीठ, कापड, काडतुसे, किंबहुना प्रत्येक वस्तू या मापाच्या गाठोड्यात किंवा पेटीत बसवावी लागे. मोहिमेचे नियोजन म्हणजे मुख्यतः 'एकूण ओझी किती' याचा हिशेब होता.

इ. स. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर असा लोहमार्ग बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले व त्यांपैकी सुमारे २,५०० मृत्युमुखी पडले. या मार्गावरील एका मुक्कामातून १८९९ मध्ये नैरोबी उदयास आली आणि दशकभरातच ती सफारींची राजधानी बनली. तेथे 'न्यूलँड अँड टार्ल्टन' सारख्या पेढ्या स्थापन झाल्या. परदेशी पाहुण्याने केवळ तारीख कळवावी, आणि हमाल, स्वयंपाकी, बंदूकवाहक, तंबू, शिधा व परवाने यांची सिद्धता पेढीने करावी, असा हा व्यवसाय होता. आज आपण ज्याला 'पॅकेज' म्हणतो त्याचा हा आरंभ होय.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची १९०९-१० ची मोहीम या व्यवसायाचा कळस म्हणावी लागेल. ते एप्रिल १९०९ मध्ये मोंबासाला उतरले. त्यांच्या तांड्यात दोनशेहून अधिक हमाल होते. कातडी टिकविण्यासाठी चार टन मीठ बरोबर घेतले होते. रूझवेल्ट व त्यांचे पुत्र केर्मिट यांनी मिळून ५१२ प्राणी मारले. हे प्राणी प्रामुख्याने वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहासाठी होते, हे येथे नमूद केले पाहिजे. याच मोहिमेत केर्मिट यांच्याकडे छायाचित्रणाचेही काम होते. एकाच माणसाच्या हाती बंदूक आणि कॅमेरा, हे तत्कालीन स्थितीचे यथार्थ चित्र आहे.

या हमालांचे पुढे काय झाले, याचा उल्लेख सफारीच्या इतिहासात क्वचितच येतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत 'कॅरिअर कोअर' उभारले व ओझी वाहण्याची हीच पद्धत सैन्यासाठी राबवली. उपासमार व रोग यांनी त्यातील हजारो माणसे दगावली. नैरोबीतील 'कारिओकोर' व दार-एस-सलाम येथील 'कारिआकू' या वस्त्यांच्या नावांत ते दल आजही शिल्लक आहे. सेरेंगेटीत उतरणाऱ्या छोट्या विमानांत आज प्रवाशाला साधारणपणे १५ किलो सामान नेता येते. छायाचित्रकार आपली लांब पल्ल्याची लेन्स या मर्यादेत कशी बसवावी या विवंचनेत असतो. ओझ्याचा हिशेब तोच आहे, फक्त ते वाहणारी माणसे हिशेबातून गेली आहेत.

परवाना आणि यादी

इ. स. १९०० च्या मे महिन्यात लंडन येथे आफ्रिकेत वसाहती असलेल्या युरोपीय सत्तांनी वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी एका करारावर स्वाक्षऱ्या केल्या. तो पूर्णत्वाने अमलात आला नाही, परंतु त्याने वसाहतींतील पुढील कायद्यांना साचा पुरविला. प्राण्यांच्या अनुसूची तयार झाल्या. काही प्राणी संपूर्ण संरक्षित ठरले, काहींच्या शिकारीवर संख्येची मर्यादा आली, आणि सिंह व बिबट्या यांच्यासारखे प्राणी 'उपद्रवी' म्हणून त्यांची संख्या कमी करणेच इष्ट मानले गेले. आज ज्या सिंहाच्या एका छायाचित्रासाठी पर्यटक तासन्‌तास थांबतो, तो शतकापूर्वी कायद्याच्या दृष्टीने जवळपास उंदराच्या पंगतीला होता.

ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यास ५० पौंडांचा परवाना घ्यावा लागे. त्या काळी तेथील चलन रुपया हेच होते व १५ रुपयांस एक पौंड असा दर असल्याने ही रक्कम ७५० रुपये होई. या परवान्यावर कोणत्या जातीचे किती प्राणी मारता येतील हे ठरलेले असे. दुसरीकडे, पिढ्यान्‌पिढ्या धनुष्यबाणाने शिकार करणारे काम्बा किंवा ओकिएक लोक या कायद्याने चोरटे शिकारी ठरले. म्हणजे कृती एकच असताना, एकाची ती 'क्रीडा' आणि दुसऱ्याचा तो 'गुन्हा' अशी विभागणी परवान्याच्या कागदाने केली. भारतातील राखीव वनांच्या कायद्यांचा अभ्यास केलेल्या वाचकास हा प्रकार नवा वाटणार नाही.

परवान्यातील 'यादी' ही कल्पना छायाचित्रकाराकडे जशीच्या तशी आली. हत्ती, गेंडा, रानरेडा, सिंह व बिबट्या या पाच प्राण्यांना 'बिग फाइव्ह' म्हणतात. हे वर्गीकरण प्राणिशास्त्राचे नाही, सौंदर्याचेही नाही. पायी शिकार करताना सर्वाधिक धोकादायक ठरणारे प्राणी म्हणून शिकाऱ्यांनी ते केले होते. वाहनात सुरक्षित बसलेल्या माणसाच्या दृष्टीने या यादीला काहीच अर्थ उरत नाही. जिराफ, चित्ता किंवा रानकुत्रा तिच्यात का नाही, याचे उत्तर कोणताही छायाचित्रकार देऊ शकणार नाही. तरीही बहुसंख्य सफारींचे वेळापत्रक आजही ही पाच नावे पूर्ण करण्यासाठी आखले जाते.

बंदुकीशेजारचा कॅमेरा

पूर्व आफ्रिकेत छायाचित्रणाचा व्यवसाय प्रथम किनाऱ्यावर रुजला आणि त्यात गोमंतकीयांचा वाटा मोठा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झांझिबारमध्ये ए. सी. गोम्स यांचा स्टुडिओ प्रसिद्ध होता. पुढे परेरा द लॉर्ड बंधूंनीही तेथे हाच व्यवसाय केला. त्यांच्या चित्रांतून शहर, बंदर, बाजार आणि मुख्यतः माणसे दिसतात. अंतर्भागातील वन्यजीवांचे छायाचित्रण मात्र युरोपीय व अमेरिकी शिकाऱ्यांच्या हाती राहिले, आणि त्यांच्या चौकटीतून माणूस हळूहळू वगळला गेला. दोन्ही परंपरा एकाच प्रदेशात, जवळपास एकाच काळात वाढल्या, ही बाब लक्षणीय आहे.

इ. स. १९०२ मध्ये एडवर्ड नॉर्थ बक्स्टन या इंग्रज गृहस्थांनी आपल्या आफ्रिकेतील प्रवासाच्या पुस्तकात बंदुकीऐवजी कॅमेरा वापरण्याचा पुरस्कार केला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश साम्राज्यातील वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे ते एक प्रवर्तक होत. विरोधकांनी या संस्थेच्या सभासदांना 'पश्चात्तापदग्ध खाटीक' असे उपहासाने म्हटले, कारण त्यांतील अनेक जण स्वतः नामांकित शिकारी होते. याच सुमारास कार्ल गेओर्ग शिलिंग्ज हे जर्मन शिकारी किलिमांजारोच्या परिसरात मॅग्नेशियमच्या भुकटीचा प्रकाश पाडून रात्री प्राण्यांची छायाचित्रे घेत होते. त्यांच्या १९०५ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच फ्लॅश आणि बंदूक हे दोन्ही शब्द जोडीने येतात. सिंहाला कॅमेऱ्यासमोर आणण्यासाठी ते गाढव किंवा बैल बांधून ठेवीत. सिंहाची झडप आणि प्रकाशाचा स्फोट एकाच क्षणी घडे. म्हणजे छायाचित्रासाठीही एक बळी आवश्यक होता.

इ. स. १९०९ मध्ये ए. रॅडक्लिफ डग्मोर हे छायाचित्रकार प्रामुख्याने कॅमेऱ्यासाठीच आफ्रिकेत आले आणि पुढील वर्षी त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अंगावर धावून येणाऱ्या गेंड्याचे त्यांनी जवळून टिपलेले चित्र त्या काळी फार गाजले. अर्थात कॅमेऱ्याच्या शेजारी भरलेली बंदूक होतीच. छायाचित्र हा 'अधिक धाडसी खेळ' आहे, असा युक्तिवाद या काळात वारंवार केला जाई. प्राण्याच्या अधिक जवळ जावे लागते, म्हणून त्यात पुरुषार्थ अधिक! कॅमेऱ्याला प्रतिष्ठा मिळाली ती करुणेमुळे नव्हे, तर शिकारीच्याच मूल्यांनी, असे यावरून म्हणता येते.

चलचित्रांच्या बाबतीत एक गमतीदार, पण बोलकी घटना नोंदवण्यासारखी आहे. रूझवेल्ट आफ्रिकेत असताना शिकागो येथील विल्यम सेलिग या निर्मात्याने एक म्हातारा सिंह विकत घेतला, स्टुडिओत कृत्रिम जंगल उभारले, रूझवेल्टसारखा दिसणारा नट आणला व तो सिंह कॅमेऱ्यासमोर मारला. हमालांच्या भूमिका शिकागोतील कृष्णवर्णीयांनी केल्या. हा बनावट चित्रपट १९०९ मध्येच झळकला व त्यास उत्तम प्रतिसाद मिळाला. चेरी कीर्टन यांनी प्रत्यक्ष आफ्रिकेत जाऊन रूझवेल्टांची घेतलेली खरी दृश्ये १९१० मध्ये आली, ती लोकांना तुलनेने नीरस वाटली. आफ्रिका कशी दिसावी हे प्रेक्षकाने आधीच ठरविले होते, आणि पुढील छायाचित्रकारांना त्या अपेक्षेशी जुळवून घ्यावे लागले.

मार्टिन व ओसा जॉन्सन या अमेरिकी दांपत्याने हे जुळवून घेण्याचे तंत्र परिपूर्ण केले. १९२४ ते १९२७ या काळात त्यांनी उत्तर केनियातील मार्साबिट येथील सरोवराकाठी तळ ठोकला, प्रयोगशाळा उभारली व वर्षानुवर्षे चित्रण केले. कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन त्यांच्या आश्रयदात्यांपैकी होते. मार्टिन कॅमेऱ्याची कळ फिरवीत व ओसा बंदूक रोखून उभ्या राहत. त्यांचा 'सिम्बा' हा चित्रपट १९२८ मध्ये आला. पुढे १९३३-३४ मध्ये त्यांनी दोन विमाने नेली. एकावर झेब्र्याचे पट्टे व दुसऱ्यावर जिराफाचे ठिपके रंगविले होते.

त्याच दशकात सेरेंगेटीत मोटारी पोहोचल्या. मोटारीतून सिंहांची बेसुमार कत्तल होऊ लागली, तेव्हा डेनिस फिंच हॅटन या व्यावसायिक शिकाऱ्याने लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्रे लिहून तिचा निषेध केला. १९२८ व १९३० मध्ये त्यांनी ब्रिटिश युवराजांच्या सफारींचे नेतृत्व केले व युवराजांना चित्रणाकडे वळविले. सिंह मोटारीला भीत नाही, त्यातील माणसाला तो वेगळे ओळखत नाही, हे या काळात ध्यानात आले. परंतु छायाचित्रासाठी सिंह जवळ यावा म्हणून मारलेला झेब्रा मोटारीमागे दोरीने ओढत नेण्याची पद्धतही याच काळातली. आज उद्यानात 'वाहनातून उतरू नये' व 'प्राण्यांना खाद्य देऊ नये' असे दोन नियम एकाखाली एक छापलेले दिसतात. त्यांतील पहिला या काळातील निरीक्षणावर उभा आहे आणि दुसरा याच काळातील गैरप्रकारावर.

ऋतू, कळप आणि बुळकांडी

सफारीच्या नियोजनातील सर्वांत महत्त्वाचे कलम महिन्याचे असते. विल्डबीस्टचे कळप जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीतील आखूड गवताच्या मैदानात वितात. पुढे पश्चिम व उत्तर दिशेने सरकत जुलै ते ऑक्टोबर या काळात ते मारा नदी ओलांडतात. एप्रिल-मे हे दीर्घ पावसाचे महिने बहुतेक जण टाळतात. छायाचित्रकार नदी ओलांडण्याच्या दृश्यासाठी वर्षभर आधी जागा राखून ठेवतात. हे दृश्य अनादि काळापासून असेच चालत आले आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास वेगळे सांगतो.

इ. स. १८८० च्या दशकाअखेरीस आफ्रिकेच्या शिंगात गुरांची बुळकांडी शिरली. इटालियन सैन्याने आणलेल्या, बहुधा भारतातील, गुरांबरोबर ती आली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. बुळकांडी हा शब्द महाराष्ट्रातील शेतकरी घराण्यांत जुन्या माणसांना अजून आठवतो. आपल्याकडे ती साथ होती, तेथे तो प्रलय ठरला. १८९१ पर्यंत मासाई प्रदेश तिच्या तडाख्यात सापडला. ज्या समाजाचे अन्न, विवाह, प्रतिष्ठा, सारे काही गाईंवर अवलंबून होते, त्याची बहुतांश गुरे दोन-तीन वर्षांत मेली. पाठोपाठ देवी आली. १८९२ मध्ये ऑस्ट्रियन प्रवासी ओस्कार बाउमान एन्गोरोंगोरो परिसरातून गेले, तेव्हा त्यांना अन्नासाठी तडफडणारे, हाडांचे सापळे झालेले मासाई भेटले. विल्डबीस्ट व रानरेडे यांनाही या रोगाने झोडपले. चराई थांबल्याने ठिकठिकाणी झुडपे माजली व त्यांच्याबरोबर त्सेत्से माशी पसरली. माणसे आणखी मागे हटली.

त्यानंतरच्या दशकात जे शिकारी व छायाचित्रकार तेथे आले, त्यांनी हे विरळ मनुष्यवस्तीचे मैदान पाहिले आणि ते मुळातच निर्मनुष्य आहे असे मानले. आपत्तीनंतरच्या भूदृश्याला आदिम भूदृश्य समजण्याची ही चूक पुढील सर्व धोरणांच्या मुळाशी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कळपांची कथा यापुढेही चालू राहते. बेर्नहार्ड ग्रझिमेक व त्यांचे पुत्र मिखाएल यांनी १९५८ मध्ये विमानातून गणना केली, तेव्हा त्यांना सुमारे एक लाख विल्डबीस्ट आढळले. १९६१ च्या अधिक काटेकोर गणनेत ही संख्या अडीच लाखांहून थोडी अधिक भरली. सत्तरच्या दशकाअखेर ती १३ लाखांच्या घरात गेली. या वाढीचे प्रमुख कारण उद्यानात नव्हे, तर उद्यानाबाहेरील गोठ्यांत आहे. वॉल्टर प्लोराइट यांनी केनियातील मुगुगा येथे बुळकांडीची प्रभावी लस विकसित केली आणि साठच्या दशकात भोवतालच्या पशुपालकांच्या गुरांना व्यापक प्रमाणावर लसीकरण झाले. गुरे निरोगी झाली तसे वन्य कळपही रोगमुक्त झाले. म्हणजे रोग गुरांकडून वन्यप्राण्यांकडे जात होता, वन्यप्राणी त्याचे कायमचे आश्रयस्थान नव्हते. आज छायाचित्रकार ज्या संख्येने कळप मारा नदी ओलांडताना पाहतो, ते दृश्य मोठ्या प्रमाणात सत्तरच्या दशकानंतरचे आहे. त्याचे श्रेय काही अंशी मासाईंच्या टोचून घेतलेल्या गाईंना दिले पाहिजे. सफारीच्या माहितीपत्रकात ते आढळत नाही.

चौकटीबाहेरील माणसे

मासाईंच्या विस्थापनाचे टप्पे थोडक्यात असे. १९०४ च्या करारान्वये त्यांना रिफ्ट दरीतील उत्तम कुरणे सोडून लाइकिपिया व दक्षिणेकडील राखीव प्रदेश अशा दोन भागांत जावे लागले. गोऱ्या वसाहतकारांना ती जमीन हवी होती. १९११ मध्ये दुसरा करार करून त्यांना लाइकिपियातूनही काढून विस्तारित दक्षिण प्रदेशात हलविण्यात आले. याविरुद्ध मासाईंनी न्यायालयात धाव घेतली. करार हा दोन स्वतंत्र सत्तांमधील तह असल्याने न्यायालयास अधिकार नाही, या तांत्रिक कारणाने १९१३ मध्ये दावा फेटाळला गेला. जमीन घेताना प्रजा आणि दाद मागताना परकी सत्ता, असा हा न्याय होता. आजचे मासाई मारा हे अभयारण्य या दक्षिण प्रदेशातच, १९६१ मध्ये, अस्तित्वात आले.

सीमेपलीकडे टांगानिकात १९५१ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यात मासाई राहत होते व प्रारंभी त्यांचे हक्क मान्य केले होते. लवकरच 'उद्यानात माणूस असावा काय' हा वाद पेटला. अखेरीस १९५८ मध्ये मासाई वडीलधाऱ्यांकडून पश्चिमेकडील मैदाने सोडण्याचा करार करून घेण्यात आला आणि १९५९ मध्ये उद्यानाची विभागणी झाली. सेरेंगेटी निर्मनुष्य राहणार आणि एन्गोरोंगोरो संरक्षण क्षेत्रात मासाई व वन्यजीव एकत्र नांदणार, असे ठरले.

ग्रझिमेक पितापुत्रांचे काम नेमके याच वाटाघाटींच्या काळात चालू होते. झेब्र्याचे पट्टे रंगविलेल्या आपल्या विमानातून त्यांनी कळपांचा माग घेतला. १० जानेवारी १९५९ रोजी गिधाडाला धडकून विमान कोसळले व मिखाएल मृत्यू पावले. 'सेरेंगेटी मरता कामा नये' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या त्यांच्या माहितीपटास १९६० मध्ये ऑस्कर पुरस्कार लाभला. या कृतीने जगभर सेरेंगेटीविषयी आस्था निर्माण केली, याविषयी शंका नाही. पुत्र गमावलेल्या पित्याची तळमळही खरी होती. मात्र राष्ट्रीय उद्यान हे माणसांविना असले पाहिजे, मग ती माणसे तेथली मूळ रहिवासी का असेनात, हा ग्रझिमेक यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या चित्रणाने त्या आग्रहाला दृश्य रूप दिले. पुढील सहा दशकांतील असंख्य छायाचित्रांनी तेच रूप गिरविले. सपाट मैदान, एकाकी बाभळीचे झाड, मावळता सूर्य आणि कळप. 'सेरेंगेटी' हे नाव मात्र मासाईंच्या मा भाषेतून आले असून त्याचा अर्थ 'दूरवर पसरत गेलेली भूमी' असा सांगतात. नाव राहिले, नाव देणारे चौकटीबाहेर गेले.

१९७७ नंतर

स्वतंत्र केनियाने मे १९७७ मध्ये शिकारीवर संपूर्ण बंदी घातली. १९३४ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिक शिकाऱ्यांची संघटना त्याच वर्षी विसर्जित झाली. अनेक शिकारी टांझानिया, बोट्स्वाना आदी देशांत गेले. काहींनी तोच तळ, त्याच गाड्या व तेच माग काढणारे सहकारी घेऊन छायाचित्रण-सफारी सुरू केल्या. पहाटे निघणे, दुपारी तंबूत परतणे, सायंकाळी पुन्हा बाहेर पडणे हा शिकारीचा दिनक्रम छायाचित्रकाराला तंतोतंत सोयीचा ठरला, कारण विषुववृत्ताजवळ सकाळी व संध्याकाळी तिरपा, मऊ प्रकाश फार थोडा वेळ मिळतो. टांझानियात मात्र राखीव प्रदेशांत परवान्यावर शिकार आजही चालते. तेथे दोन्ही सफारी शेजारी शेजारी नांदतात.

शुल्काची परंपराही खंडित झालेली नाही. २०२४ मध्ये मासाई मारा अभयारण्याचे परदेशी प्रौढासाठीचे प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दरदिवशी १०० डॉलर व जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असे ठरविण्यात आले. कळप येण्याच्या महिन्यांना दुप्पट दर! या पैशापैकी किती वाटा भूमिधारकांना मिळतो, हा जुना वाद आहे. त्यावर एक उत्तर म्हणून २००५ नंतर माराच्या उत्तरेस मासाई जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटन व्यावसायिकांना भाड्याने देण्यास आरंभ केला. त्यांना 'कन्झर्व्हन्सी' म्हणतात. तेथे तळांची व वाहनांची संख्या मर्यादित असते, रस्ता सोडून वाहन नेण्याची मुभा असते, आणि ठरलेल्या नियमांनुसार गुरेही चारता येतात. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही उत्तम सोय आहे. भूमिधारकाच्या दृष्टीने पाहिल्यास ते नियमित भाडे आहे, परंतु पर्यटक येतील तरच. २०२० मधील साथीच्या काळात सफारी थांबल्या, तेव्हा हे उत्पन्न किती परावलंबी आहे याचा अनुभव त्या कुटुंबांनी घेतला.

टांझानियातील स्थिती अधिक चिंताजनक आहे. सेरेंगेटीच्या पूर्वेस असलेल्या लोलिओंडो भागात जून २०२२ मध्ये १,५०० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या सीमा शासनाने आखल्या, तेव्हा मासाई व पोलीस यांच्यात हिंसक संघर्ष झाला आणि अनेकांनी सीमा ओलांडून केनियात आश्रय घेतला. त्याच वर्षी एन्गोरोंगोरोमधील मासाईंना सुमारे ६०० किलोमीटर दूर असलेल्या म्सोमेरा येथे स्थलांतरित करण्याची योजना सुरू झाली. हे स्थलांतर ऐच्छिक असल्याचे शासन सांगते. दवाखाने व शाळा यांचा निधी आटवून ते घडविले जात असल्याचा आरोप रहिवासी करतात. एन्गोरोंगोरो हे तेच क्षेत्र होय, जे १९५९ मध्ये सेरेंगेटी सोडण्याच्या बदल्यात मासाईंच्या निवासासाठी राखले गेले होते.

उत्तर टांझानियातील बहुतेक सफारींच्या वेळापत्रकात एक संपूर्ण दिवस एन्गोरोंगोरोहून सेरेंगेटीकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी ठेवलेला असतो. खोऱ्याच्या कडेवरून उतरत जाणारा हा रस्ता छायाचित्रणासाठी प्रसिद्ध आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये, कळपांच्या ऐन हंगामात, आपल्या तांबड्या शुका पांघरलेले हजारो मासाई स्त्री-पुरुष या रस्त्यावर येऊन उभे राहिले. सफारीच्या गाड्या त्यांच्यासमोर थांबल्या.